‘चार्ज’चं मराठी करताना: आधी तो संपतो कसा ते पाहा

बँकेनं एका शेतकऱ्याला इंग्रजीत पत्र दिलं होतं. कर्ज फिटलं, आता सातबाऱ्यावरची नोंद काढायला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यानं गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात त्याचं मराठी करून घेतलं, आणि त्यात वाक्य आलं: ‘सदर जमिनीवरील आमचे शुल्क समाधानकारक आहे.’ मूळ पत्रात होतं, ‘अवर चार्ज ऑन द सेड लँड हॅज बीन सॅटिस्फाइड.’ चार्ज म्हणजे शुल्क आणि सॅटिस्फाइड म्हणजे समाधानी हे दोन्ही अर्थ कोशात सापडतात, वाक्य मात्र पार चुकलं. हवं होतं ते इतकंच: ‘सदर जमिनीवरील आमच्या बँकेचा बोजा फिटला आहे.’ दोन हेलपाटे घालून तो माणूस माझ्याकडे आला, तेव्हा कागद घडीवर फाटायला आला होता.

ही चूक एकट्यादुकट्याची नाही. सोसायटीचे सचिव, वकिलांकडचे कारकून, बातमी उतरवून घेणारे उपसंपादक, आईवडिलांचे कागद वाचून दाखवणारी मुलं, सगळे याच शब्दाशी अडखळतात. अडखळण्याचं कारणही एकच असतं: आधी कोश उघडला जातो आणि कागद नंतर वाचला जातो. खाली दिलेला क्रम त्याच्या उलट आहे. तो मोडू नका, विशेषतः तिसरा टप्पा गाळून चौथ्यावर उडी मारू नका.

## टप्पा १: तयारी

पूर्ण कागद समोर घ्या. कोणी व्हॉट्सॲपवर एकच वाक्य पाठवून ‘याचं मराठी काय?’ असं विचारलं तर उत्तर देऊ नका, आधी पूर्ण पान मागवा. ‘चार्ज वॉज रिमूव्हड’ या तीन शब्दांवरून बिलातला आकार वगळला, जमिनीवरचा बोजा काढला की आरोप मागे घेतला, हे कोणालाही सांगता येणार नाही.

त्याच खात्याचा, मुळात मराठीतच निघालेला एखादा कागद मिळवा. वीजबिल उतरवायचं असेल तर घरातलं जुनं बिल, जमिनीचं काम असेल तर सातबारा आणि फेरफार, चौकशीचं प्रकरण असेल तर आधीची नोटीस. मी कोशापेक्षा या कागदांवर जास्त विसंबतो, कारण वाचणाऱ्याला तेच शब्द ओळखीचे असतात. कोशांत भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश आणि न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा. सर्वसाधारण इंग्रजी–मराठी शब्दकोशात चार्जचे दहा-पंधरा अर्थ एका ओळीत मांडलेले असतात आणि घाईतला माणूस पहिला उचलतो.

एक कोरी वही किंवा फाईल ठेवा. तिच्यात तीन रकाने करा: वाक्य, चार्ज कशानं संपतो, मराठी शब्द.

सावधान: ‘शोधा आणि बदला’ ही संगणकाची सोय या शब्दासाठी कधीही वापरू नका. एकाच कर्जकरारात ‘प्रोसेसिंग चार्ज’ पान दोनवर असतो आणि ‘चार्ज ओव्हर द प्रॉपर्टी’ पान नऊवर. पहिल्याचं शुल्क होतं, दुसऱ्याचा बोजा.

## टप्पा २: प्रत्येक ‘चार्ज’ला त्याच्या सोबत्यांसह खूण करा

पेन्सिलीनं शब्दाभोवती गोल करा, पण एकट्या शब्दाला नाही. त्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन शब्दही त्या गोलात घ्या. इंग्रजीत अर्थ बहुतेक वेळा त्या चिमुकल्या शब्दांत दडलेला असतो.

‘चार्ज फॉर’ असेल तर बहुधा पैसे. ‘चार्ज ऑन’ किंवा ‘ओव्हर’ असेल तर बहुधा मालमत्तेवरचा बोजा. ‘चार्ज्ड विथ’ आलं की आरोप, पण ‘चार्ज्ड विथ द ड्यूटी ऑफ’ आलं की जबाबदारी. ‘चार्ज अगेन्स्ट’ बहुधा आरोप. हिशेबाच्या कागदात मात्र ‘चार्ज्ड अगेन्स्ट प्रॉफिट’ म्हणजे नफ्यातून वजा घातलेलं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे घसरतात ती जागा. ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत फरक फक्त एका ‘द’चा आहे, पण माणसं उलटीपालटी होतात. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे बाळ परिचारिकेच्या देखरेखीखाली आहे. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ याचाही अर्थ तोच. पहिल्या वाक्यात जबाबदार माणूस आधी येतो, दुसऱ्यात जबाबदारी ज्याची घ्यायची तो. ‘द’ नजरेतून सुटला तर ‘बाळाच्या ताब्यात परिचारिका’ असं भाषांतर होतं. हसण्यावारी नेऊ नका. ताबा, पालकत्व, जप्त माल यांच्या कागदांत ही चूक महागात पडते.

तपासा: कागदात जितके ‘चार्ज’ आहेत तितके गोल झाले का? शीर्षकं, तक्त्यांचे मथळे आणि तळटिपाही पाहा.

## टप्पा ३: हा चार्ज संपतो कसा?

चार्ज या शब्दाच्या सगळ्या अर्थांत काहीतरी लादलेलं असतं. गिऱ्हाइकावर रक्कम, जमिनीवर कर्ज, माणसावर आरोप, अधिकाऱ्यावर काम, धातूच्या गोळ्यावर वीज. लादलेलं कधी ना कधी उतरतं, आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या रीतीनं उतरतो. म्हणून शब्द शोधण्याआधी वहीच्या दुसऱ्या रकान्यात उत्तर लिहा: हा चार्ज कशानं संपेल?

पैसे भरून संपतो आणि कोणतीही वस्तू अडकलेली नाही, तर तो आकार किंवा शुल्क. पैसे भरून संपतो, पण तोवर जमीन, घर किंवा यंत्र अडकून आहे, तर बोजा. न्यायालयाच्या किंवा चौकशी अधिकाऱ्याच्या निर्णयानं संपतो, तर दोषारोप. दुसरा माणूस येऊन सही करतो तेव्हा संपतो, तर कार्यभार. वापरून किंवा जमिनीत उतरून संपतो, तर वीज. दमल्यावर, पांगल्यावर संपतो, तर हल्ला किंवा लाठीमार.

हे उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. वाक्यावरून उत्तर सापडत नसेल तर मागची-पुढची दोन पानं वाचा. तरीही सापडलं नाही तर ज्यानं कागद दिला त्याला विचारा. अंदाजानं रकाना भरू नका.

## टप्पा ४: क्षेत्रानुसार शब्द निवडा

### पैशांचा चार्ज

आकार, शुल्क, दर, खर्च हे सगळे जवळचे शब्द आहेत, पण सरमिसळ चालत नाही. महावितरणचं घरगुती बिल काढून पाहा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी येतात आणि त्यांच्याखाली वेगळी ओळ असते वीज शुल्काची. वीज शुल्क म्हणजे इंग्रजीतली ‘ड्यूटी’. ते राज्य सरकारकडे जातं. आकार म्हणजे ‘चार्ज’. तो वीज देणाऱ्या कंपनीचा. भाषांतरात दोन्हींना ‘शुल्क’ म्हटलं की कोणती रक्कम कोणाची हे ग्राहकाला कळायचा मार्गच बंद होतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत मात्र रूढी वेगळी. तिथे सेवा शुल्क, बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः न राहता सदनिका भाड्यानं देतो तेव्हा लागणारं) असेच शब्द आहेत. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि हे दहा टक्के काढताना महापालिकेचे कर धरत नाहीत. त्या ओळीत तुम्ही हौसेनं ‘बिनभोगवटा आकार’ लिहिलं तर सभासद संस्थेच्या नियमांत, म्हणजे उपविधीत, तो शब्द शोधत बसेल. ज्या घरचा कागद त्या घरचा शब्द.

‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे मोफत किंवा विनामूल्य. ‘चार्जेबल टू टॅक्स’ म्हणजे करपात्र. करकायद्यातलं ‘चार्जिंग सेक्शन’ म्हणजे कर बसवणारं कलम, जसं ३१ मार्च २०२६पर्यंत लागू असलेल्या आयकर अधिनियम, १९६१चं कलम ४. त्याला ‘चार्जिंग विभाग’ म्हटलेलं मी छापील पुस्तिकेत वाचलं आहे. जीएसटीतला ‘रिव्हर्स चार्ज’ भाषांतरित करू नका. ‘उलट शुल्क’ लिहिलं तर वाचणाऱ्याला पैसे परत मिळणार असं वाटतं. प्रत्यक्षात माल किंवा सेवा घेणाऱ्यानं कर थेट सरकारजमा करायचा असतो, विकणाऱ्यानं नाही. तरतूद केंद्रीय जीएसटी अधिनियम, २०१७च्या कलम ९ मध्ये पोटकलम ३ आणि ४ मध्ये आहे. ‘रिव्हर्स चार्ज’ तसंच ठेवून पहिल्या वेळी एका वाक्यात उलगडा करा.

सावधान: ‘मेंटेनन्स चार्ज’ दिसला की थांबा. सोसायटीच्या कागदात ते देखभालीचं शुल्क. कौटुंबिक न्यायालयाच्या कागदात ‘मेंटेनन्स’ म्हणजे पोटगी, आणि ‘चार्ज’ म्हणजे त्या पोटगीचा नवऱ्याच्या मालमत्तेवर ठेवलेला बोजा. हिंदू दत्तक व पोटगी अधिनियम, १९५६च्या कलम २७ प्रमाणे मृताच्या मालमत्तेवर आश्रितांच्या पोटगीचा असा बोजा आपोआप बसत नाही; मृत्युपत्र, न्यायालयाचा हुकूमनामा, करार अशा एखाद्या मार्गानं तो निर्माण व्हावा लागतो. पोटगी मिळालेल्या बाईच्या हातातला हुकूमनामा तिला मालमत्तेवर हक्क देतो आहे, आणि भाषांतरात ‘देखभाल शुल्क’ पडलं तर तो हक्क वाचणाऱ्याला दिसणारच नाही.

### मालमत्तेवरचा चार्ज

महसुली कागदात सरळ ‘बोजा’ लिहा. सातबाऱ्यात ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजाची नोंद असते, आणि ती चढली किंवा कमी झाली की गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत तिचा क्रमांक पडतो. तलाठी, बँक आणि खातेदार तिघेही बोजाच म्हणतात. कायद्याच्या पुस्तकांत ‘भार’ भेटेल, कंपन्यांच्या कागदांत ‘प्रभार’ही भेटेल, तिथे तेच चालवा, पण एका कागदात एकच.

गहाण आणि बोजा एक नाहीत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये गहाण कलम ५८ मध्ये आहे आणि चार्ज कलम १०० मध्ये. गहाणात मालमत्तेतला काही हितसंबंध कर्ज देणाऱ्याकडे जातो. चार्जमध्ये मालमत्ता फक्त रकमेची हमी म्हणून बांधली जाते, आणि तो व्यवहार गहाण ठरत नसेल तरच त्याला चार्ज म्हणायचं, असं कलमातच आहे. म्हणून ‘चार्ज’ला ‘गहाण’ म्हणणं ही केवळ शब्दाची चूक नाही, तुम्ही दस्ताचा प्रकारच बदलता.

खरेदीखतात एक लांबलचक यादी येते: ‘मॉर्टगेज, चार्ज, लीन ऑर एनी एन्कम्ब्रन्स’. इथे भाषांतर करणारे दमतात आणि चारही शब्दांना मिळून ‘बोजा’ करून टाकतात. तसं करू नका. गहाण, बोजा, लीन (येणं मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क) आणि शेवटी ‘अन्य कोणतीही जोखीम’ असं चौघांना चार शब्द द्या. आपल्या जुन्या दस्तांतलं ‘निर्वेध व निजोखमी’ हे वळण त्या शेवटच्या शब्दासाठी अगदी चपखल बसतं.

कंपनीच्या बाबतीत चार्ज निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत नोंदवायचा असतो (कंपनी अधिनियम, २०१३, कलम ७७) आणि कर्ज फिटल्यावर ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज’ कळवायचं असतं (कलम ८२). सुरुवातीच्या पत्रातला ‘सॅटिस्फाइड’ इथूनच येतो. त्याचा समाधानाशी काही संबंध नाही. मराठीत कर्ज ‘फिटतं’, देणं ‘फिटतं’, तसा बोजाही फिटतो.

### सरकारी खर्चातला चार्ज

हा लहान आहे पण फार चुकतो. ‘चार्ज्ड एक्स्पेंडिचर’ म्हणजे ‘आकारलेला खर्च’ नव्हे. राज्याच्या अर्थसंकल्पीय पुस्तकांत खर्चाचे दोन प्रकार दिसतात: दत्तमत आणि भारित. दत्तमत म्हणजे विधानसभेच्या मतानं मंजूर होणारा. भारित म्हणजे थेट राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, घातलेला. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. राज्यांसाठी ही तरतूद संविधानाच्या अनुच्छेद २०२ आणि २०३ मध्ये आहे. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, राज्याच्या कर्जावरचं व्याज हे खर्च भारित असतात. बातमीत ‘भारित’ शब्द वाचकाला अडेल असं वाटलं तर ‘मतदानाविना मंजूर होणारा’ अशी पुस्ती जोडा, पण शब्द बदलू नका.

### कोर्टातला चार्ज

इथे तीन पायऱ्या आहेत आणि मराठीत तिन्हींना ‘आरोप’ म्हणायची सवय लागली आहे.

पहिली पायरी, कोणीतरी कोणाविरुद्ध काहीतरी म्हणतं: ‘ॲलिगेशन’. हा आरोप. दुसरी, पोलीस तपास संपवून न्यायालयात कागद देतात: ‘चार्जशीट’. हे दोषारोपपत्र, वर्तमानपत्रं आरोपपत्र म्हणतात तेही चालतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत याची तरतूद कलम १९३ मध्ये आहे. तिसरी, न्यायाधीश तो कागद आणि दोन्ही बाजू पाहून ठरवतात की अमुक कलमाखाली खटला चालवायचा: ‘फ्रेमिंग ऑफ चार्ज’. हे दोषारोप निश्चित करणं, सत्र खटल्यासाठी कलम २५१.

दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात, दोषारोप न्यायालय निश्चित करतं. कर्ता चुकला की बातमी चुकली. ‘पोलिसांनी आरोप निश्चित केले’ हे वाक्य आपल्याकडे कधीच बरोबर नसतं.

पण बातमी लंडनची असेल तर? तिथे पोलीस किंवा सरकारी अभियोग विभाग माणसाला ‘चार्ज’ करतो आणि त्यानंतर त्याला न्यायालयासमोर उभं करतात. तेव्हा ‘पोलिसांनी त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला’ असं लिहा. ‘न्यायालयाने आरोप निश्चित केले’ लिहाल तर जे अजून घडलेलं नाही ते छापाल. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांच्या बातम्या उतरवताना ही गल्लत नेहमी होते, आणि तिकडच्या कुटुंबाला ती फार लागते.

विभागीय चौकशीतही चार्जशीट असतं. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली मोठ्या शिक्षेसाठीची कार्यपद्धती नियम ८ मध्ये आहे. त्या कागदाला दोषारोपपत्रच म्हणतात, पण तिथे ‘आरोपी’ नसतो, ‘अपचारी’ असतो, म्हणजे ज्याची चौकशी चालू आहे तो कर्मचारी. त्याच्या जागी ‘आरोपी’ टाकला तर निवृत्तीला आलेल्या कर्मचाऱ्याच्या घरात फौजदारी खटल्याची धडकी भरते.

आणि एक अर्थ असा, जो आता भारतात फक्त जुन्या निकालांत सापडतो. ज्यूरीसमोर खटले चालत तेव्हा शेवटी न्यायाधीश पुरावा आणि कायदा ज्यूरीला समजावून सांगत. त्यालाही ‘चार्ज’ म्हणत. मुंबईच्या नानावटी खटल्यात ज्यूरीनं ८ विरुद्ध १ मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेलं, आणि तिथे ज्यूरीला केलेल्या त्या ‘चार्ज’मध्येच चुका निघाल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ नोव्हेंबर १९६१चा. त्या निकालपत्रात कलम ३०२ खालचा ‘चार्ज’ही आहे आणि ज्यूरीला केलेला ‘चार्ज’ही. पहिला दोषारोप, दुसरा ज्यूरीला केलेलं मार्गदर्शन. सरावासाठी याहून चांगला मजकूर मला माहीत नाही: तो काढा आणि प्रत्येक ‘चार्ज’समोर तिसऱ्या टप्प्यातला प्रश्न लावून पाहा. दोषारोप न्यायालयाच्या निकालानं संपतो. मार्गदर्शन बोलून झालं की संपतं.

तपासा: ‘चार्ज्ड विथ’चं तुम्ही ‘दोषी’ केलं आहे का? केलं असेल तर लगेच खोडा. दोषारोप ठेवलेला माणूस दोषी ठरलेला नसतो.

### खुर्चीचा चार्ज

‘साहेबांनी चार्ज घेतला’ हे आपण बोलतोच. लेखी मराठीत पदभार किंवा कार्यभार. ‘ॲडिशनल चार्ज’ म्हणजे अतिरिक्त कार्यभार: माणूस आपलं मूळ पद सांभाळून दुसरंही सांभाळतो. ‘इनचार्ज हेडमास्टर’ म्हणजे प्रभारी मुख्याध्यापक: पद तात्पुरतं त्याच्याकडे. या दोन्हींना सरसकट ‘प्रभारी’ म्हणू नका, कारण सेवापुस्तकात त्यांचा अर्थ आणि भत्ता वेगळा पडू शकतो. ‘चार्ज लिस्ट’ म्हणजे कार्यभार देताना सोबत द्यायची कागदपत्रं आणि सामानाची यादी; तिला ‘शुल्क यादी’ म्हटलं तर दरपत्रक वाटतं.

### विजेचा चार्ज

बालभारतीच्या विज्ञानात विद्युतप्रभार असा शब्द आहे: धनप्रभार, ऋणप्रभार, एकक कूलोम. हिंदीतून उतरवणारे इथे ‘आवेश’ आणतात. मराठीत आवेश म्हणजे भाषणात येतो तो. विद्यार्थ्यानं ‘कणाचा आवेश’ वाचलं तर त्याला काय समजेल? जुन्या ग्रंथांत ‘विद्युतभार’ही सापडतो, पण आता ‘भार’ हा ‘लोड’साठी पक्का बसला आहे: भारनियमन, मंजूर भार. म्हणून प्रभारच ठेवा.

मोबाइल आणि गाडीच्या बॅटरीसाठी मात्र काहीही शोधू नका. मोबाइल चार्जिंगला लावतात, चार्जिंग उतरतं, गाडी चार्ज होते. हे आता मराठीच आहे. ‘भ्रमणध्वनी प्रभारित करावा’ असं लिहून सूचनापत्रक वाचण्याजोगं होत नाही.

### राहिलेले

पोलिसांचा लाठीमार. खाणीत किंवा विहिरीच्या कामावर सुरुंगात भरलेली दारू. हत्ती ‘चार्ज’ करतो तेव्हा तो अंगावर धावून येतो, आणि सैन्य चाल करून जातं. इथे अर्थ सहसा चुकत नाही.

## टप्पा ५: शब्दाला त्याचं क्रियापद द्या

नाम बरोबर आणि क्रियापद इंग्रजीचं, अशी वाक्यं सरकारी पत्रांत भरपूर दिसतात. ‘बोजा निर्माण करण्यात आला’ हे कळतं, पण गावात कोणी तसं म्हणत नाही. बोजा चढवतात, कमी करतात. तो फिटतो, उतरतो. शुल्क आकारतात, भरतात, माफ करतात. दोषारोप ठेवतात, निश्चित करतात. तो शाबीत होतो किंवा होत नाही. पदभार स्वीकारतात, सोपवतात. लाठीमार करतात.

वाक्य मोठ्यानं वाचा. ‘पदभार घेण्यात आला’ वाचताना जीभ अडते ना? कोणी घेतला ते लिहा आणि ‘स्वीकारला’ करा.

## टप्पा ६: नात्यातले शब्द वेगळे काढा

‘डिस्चार्ज’, ‘रिचार्ज’, ‘सरचार्ज’, ‘ओव्हरचार्ज’ यांना चार्जच्या भाषांतराला उपसर्ग लावून बनवू नका. प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करा.

सरचार्ज म्हणजे अधिभार. ओव्हरचार्ज म्हणजे जादा आकारणी. मोबाइलचा रिचार्ज तो रिचार्जच, पण ‘वेल रिचार्ज’ म्हणजे विहीर पुनर्भरण, ‘ग्राउंडवॉटर रिचार्ज’ म्हणजे भूजल पुनर्भरण.

डिस्चार्ज सर्वांत अवघड. धरणातून होतो तो विसर्ग, क्युसेकमध्ये मोजलेला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. जखमेतून येतो तो स्राव. रुग्णाला डिस्चार्ज मिळतो तेव्हा त्याला घरी सोडतात. कर्तव्याचा ‘डिस्चार्ज’ म्हणजे कर्तव्य पार पाडणं. इथे ‘कर्तव्यातून मुक्त केले’ लिहिलं की नेमका उलटा अर्थ होतो. आणि न्यायालयातला डिस्चार्ज म्हणजे खटला पुढे चालवण्याइतका आधार नाही म्हणून दोषारोप ठेवण्याआधीच सोडणं (सत्र खटल्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५०). पुरावा तपासून शेवटी होते ती निर्दोष मुक्तता वेगळी. ‘दोषमुक्त’ हा शब्द काही जण दोन्हींसाठी वापरतात, म्हणून मी डिस्चार्जसाठी ‘आरोपमुक्त’ लिहितो आणि पहिल्या वेळी ‘खटला सुरू होण्यापूर्वीच’ ही जोड देतो.

सावधान: दवाखान्याच्या एकाच कागदावर ‘नो डिस्चार्ज फ्रॉम वूंड’ आणि ‘डिस्चार्ज टुमॉरो’ शेजारीशेजारी असू शकतं. पहिलं ‘जखमेतून स्राव नाही’, दुसरं ‘उद्या घरी सोडायचं’. घाईत दोन्ही एकच समजून पहिल्या ओळीचं ‘जखमेमुळे घरी सोडता येणार नाही’ केलेलं मी स्वतः वाचलं आहे. घरच्यांनी त्या रात्री काय काढलं असेल!

## टप्पा ७: उलट तपासणी

इंग्रजी कागद झाकून ठेवा आणि फक्त मराठी वाचा. प्रत्येक ठिकाणी विचारा: हे कशानं संपेल? वहीतल्या दुसऱ्या रकान्याशी उत्तर जुळलं पाहिजे. ‘शुल्क’ लिहिलं आहे, पण वहीत ‘जमीन मोकळी झाल्यावर’ असं असेल तर शब्द चुकला.

मग एकाच अर्थासाठी दोन शब्द पडलेत का ते पाहा. पान तीनवर बोजा आणि पान सातवर भार असेल तर वाचणारा दोन वेगळी कर्जं समजेल.

शेवटी, ज्या टेबलावर कागद जाणार तिथल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवा. त्या शेतकऱ्याचं पत्र नव्यानं केलं तेव्हा मी माझ्याच गावच्या निवृत्त तलाठ्यांना फोन केला होता. मी ‘बोजा फिटला आहे’ एवढंच लिहिलं होतं. ते म्हणाले, “आमच्याकडे ‘बोजा कमी करणे’ असाच अर्ज येतो. तसं एक वाक्य खाली घाला.” म्हणून पत्रात दोन वाक्यं ठेवली: ‘सदर जमिनीवरील आमच्या बँकेचा बोजा फिटला आहे. तरी इतर हक्कातील सदर बोजाची नोंद कमी करण्यास आमची हरकत नाही.’ पंधरा दिवसांनी त्यानं नवा सातबारा आणून दाखवला. इतर हक्कात बँकेचं नाव नव्हतं.